वही कोणाच्या हाती?

बनावट दाखले ओळखता यावेत म्हणून गडचिरोलीतील एटापल्लीत 2022 साली सुमारे 65,000 जात-प्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदविण्याची योजना आली. बिटकॉइनचे जाळे सेकंदाला जेमतेम सात व्यवहार नोंदविते. परंतु त्याची वही जगभर हजारो संगणकांवर असते. पॉलिगॉन वेगवान, खर्च अत्यल्प. मात्र नोंद प्रमाणित करणारे सुमारे शंभरच. वेग आणि स्वस्ताई यांची किंमत अशी विकेंद्रीकरणात मोजावी लागते. शिवाय चुकीचा दाखलाही तितकाच पक्का नोंदला जातो. नाकारलेल्या दाखल्याची तर नोंदच होत नाही. उद्या बदनापूरच्या तहसिलीत हे तंत्र आले, तर वेगाआधी विचारा : वही कोणाच्या हाती आणि चूक दुरुस्त कोण करणार?