न बांधलेले घर आणि घेणाऱ्याचा वकील

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीतला माणूस स्वतः चुन्यामातीत उभा असे. विटा पक्क्या भाजल्या आहेत की नाहीत, गवंडी किती वाजता आला, लाकूड सागाचे की दुसरेच कसले, हे सारे तो स्वतः पाही. त्रास त्याचा होता, पण डोळेही त्याचेच होते. आज पुण्यात, ठाण्यात, किंबहुना इंदूर-हैदराबादच्या वाढत्या वस्तीतही, पहिले घर घेणारा नोकरदार हा त्रास दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि त्याबरोबर डोळेही देऊन बसतो. तो जे विकत घेतो ते घर अद्याप अस्तित्वात नसते. दोनतीन वर्षांनी ते उभे राहील, अशा वचनाचा कागद काय तो त्याच्या हाती येतो. आणि त्या कागदासाठी भविष्यनिर्वाह निधी, पत्नीचे दागिने व पुढील वीस वर्षांचा पगार तो गहाण टाकतो.

अशा माणसाच्या भोवती मदतीला तत्पर अशी पुष्कळ मंडळी असतात. दलाल त्याला मोटारीतून जागा दाखवावयास नेतो; परंतु दलालाची दलाली बहुधा बांधणाराच देतो. बँकेचा अधिकारी सांगतो की, कागदपत्रे आमच्या वकिलांनी तपासली आहेत. तपासलेली असतात हे खरे. पण ती बँकेचे कर्ज बुडू नये म्हणून. बांधणाऱ्याच्या कचेरीत जमिनीच्या मालकीचा दाखला चौकटीत लावलेला असतो, आणि तो देणाऱ्या वकिलाला बांधणाऱ्यानेच नेमलेले असते. ही सारी सभ्य माणसे असतील. कोण कोणाचे मीठ खातो, एवढाच प्रश्न आहे. आणि घेणाऱ्याचे मीठ खाणारा त्या खोलीत कोणीच नसतो.

ही रिकामी खुर्ची भरण्याचे काम घेणाऱ्याच्या वकिलाचे. फरशीच्या रंगावर जेवढा विचार व खर्च होतो, त्याच्या मानाने या वकिलाची फी किरकोळ असते. तरीही त्याची आठवण होते ती बहुधा उशिरा. "पैसे भरून झाले आहेत, करारावर फक्त एकदा नजर टाका," असे म्हणत पतिपत्नी येतात, आणि तेव्हा वकिलाचे निम्मे बळ गेलेले असते. सन १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेवर किमतीच्या वीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. देशभर लागू झालेल्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्याला लोक रेरा म्हणतात, ती दहा टक्क्यांवर आणली. नोंदणीकृत करार झाल्यावाचून याहून अधिक घेता येत नाही. तथापि ज्याला नियम ठाऊक नाही तो मागेल तेवढे देतो, आणि वर पावतीच्या मागील बारीक अक्षरांखाली सहीही करतो.

वकील प्रथम जमिनीकडे वळतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, दुय्यम निबंधकांच्या कचेरीतील मागील तीस वर्षांच्या नोंदी, हे वाचन रूक्ष खरे. पण एखाद्या बहिणीने हक्कसोड दिलेलाच नाही, किंवा तीच जमीन दुसऱ्या कर्जासाठी तारण आहे, हे तेथेच उमगते. त्यानंतर मंजुरी पाहावयाची. प्रारंभ प्रमाणपत्र आहे, एवढे ऐकून भागत नाही. ते कितव्या मजल्यापर्यंत आहे? कधी कधी ते केवळ जोत्यापर्यंतचे असते, आणि विक्री मात्र अठराव्या मजल्याची चाललेली असते.

मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत हेच घडले. १९८० नंतरच्या दशकात तेथे पाच मजल्यांपर्यंतच मंजुरी असता इमारती त्याहून वर गेल्या. एक तर वीस मजल्यांची झाली. लोक राहावयास गेले, मुले मोठी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली वरचे मजले बेकायदा ठरविले, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्या घरांचे पाणी, वीज व गॅस तोडण्यात आले. मंजूर नकाशावरचा पाच हा आकडा पहिल्या दिवसापासून कागदावर होता.

यानंतर करार. बांधणारा म्हणतो, मसुदा छापील आहे, सर्वांना सारखाच आहे. सारखा असतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा नसतो. गुरगावच्या एका प्रकरणात घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर अठरा टक्के व्याज आणि बांधणाऱ्याला उशीर झाला तर नऊ टक्के, असा करार होता. दुसरा इलाजच नसलेल्या माणसाची सही त्याला अशा एकतर्फी अटींनी बांधू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. आनंदाची गोष्ट, परंतु त्या घेणाऱ्याला त्यासाठी दिल्लीपर्यंत झगडावे लागले. वकिलाने तीच ओळ सहीपूर्वी खोडून घेतली तर तिची बातमी होत नाही, एवढाच काय तो फरक.

एक कलम तो विशेष शोधतो: 'नकाशात पुढे होणाऱ्या सर्व बदलांना संमती आहे.' निरुपद्रवी वाटणारे हे वाक्य फार महाग पडते. नोएडातील दोन उंच मनोरे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरुंगांनी पाडले गेले. ते ज्या मोकळ्या जागेत उठले, तिच्या वापरातील बदलास आधीच्या रहिवाशांची संमती घेतलेली नव्हती, हेही त्याचे एक कारण होते. रेराप्रमाणे इमारतीच्या नकाशात बदल करण्यास दोनतृतीयांश घेणाऱ्यांची पूर्वलेखी संमती लागते. ती आधीच कोरी लिहून देण्यात शहाणपण कोणते?

तारखांचेही तसेच. तोंडी तारीख दिवाळीची असते, करारातली त्यापुढच्या वर्षाची आणि रेराकडे नोंदविलेली आणखी पुढची. विलंब झाल्यास पैसे व्याजासह परत घ्यावे, किंवा घर घेऊन दरमहा व्याज मागावे, असा हक्क कायद्याने दिला आहे. पण तो मोजला जातो करारातील तारखेपासून, दिवाळीपासून नव्हे. बांधणाऱ्याचीही बाजू आहे. परवानग्यांसाठी त्याला किती उंबरे झिजवावे लागतात हे जगजाहीर आहे. तरी त्या उंबऱ्यांचा हिशेब पगारदाराच्या हप्त्यातून वळता होऊ नये.

कधी कधी वकिलाला सांगावे लागते की, हे घर घेऊ नका. हा त्याच्या कामाचा सर्वांत अप्रिय भाग. समोर बसलेल्या बाईंनी नमुन्याच्या सदनिकेत देवघराचा कोपरा मनात ठरवून टाकलेला असतो. त्या नमुन्यात दारे बसविलेली नव्हती आणि पलंग मुद्दाम आखूड केलेला होता, हे त्यांना सांगितलेले आवडत नाही. चटईक्षेत्राची व्याख्या कायद्यात आहे. भिंतींच्या आतली वापरण्याजोगी जमीन, तीत बाल्कनी धरावयाची नाही. ती समजावून देताना वकील टेबलावर टेप पसरतो, आणि खोली डोळ्यांदेखत लहान होते.

शेवटचा प्रसंग ताब्याचा. अक्षय्य तृतीया जवळ आलेली असते. भोगवटा प्रमाणपत्र आलेले नसते, परंतु बांधणारा म्हणतो, फर्निचर करण्यासाठी किल्ली घेऊन जा, फक्त ताबापावतीवर सही करा. घरी पुरोहितांना सांगून झालेले असते. इकडे भाडे आणि हप्ता दोन्ही चालू असतात. वकील पावती वाचतो. तीत लिहिलेले असते की, ताबा समाधानपूर्वक मिळाला, कसलीही तक्रार उरली नाही. तो ते वाक्य बोटाने दाखवितो आणि पावती परत पाठवितो. मुहूर्त टळतो. काही दिवस त्या घरात वकिलाचे नाव फारसे प्रेमाने घेतले जात नाही. प्रमाणपत्र येते ते पावसाळ्यात. आणि मग एका साध्याशा दिवशी, गळणाऱ्या खिडकीची तक्रार पावतीवरच लिहून, ती माणसे किल्ली घेतात.