सिरॅमिक शेगडी जोडताना

कोळशावर चालणारी, अंड्याच्या आकाराची आणि जाड झाकणाची सिरॅमिक शेगडी परदेशातल्या आपल्या नातेवाइकांच्या परसात बऱ्याच वर्षांपासून आहे. आता ती आपल्याकडेही गच्चीवर, फार्महाउसच्या अंगणात दिसू लागली आहे. घराणं जपानी कामाडो चुलीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी या चुली मायदेशी नेल्या. पुढे १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी काढली, आणि कालांतराने मातीची जागा टिकाऊ सिरॅमिकने घेतली.

आज बोलणार आहे ते या शेगडीच्या लहान भावंडाबद्दल, म्हणजे साधारण तेरा इंची जाळीच्या, टेबलावर मावणाऱ्या शेगडीबद्दल. लहान म्हटलं तरी वजन तीस-पस्तीस किलो भरतं. तेव्हा खोका उघडायला दोघं जण हवेत, आणि खोका जिथे शेगडी ठेवायची तिथेच नेऊन उघडावा. कटरचं पातं खोल घालू नका. वरचं थर्माकोल काढलं की आधी झाकणाच्या आतल्या वस्तू बाहेर घ्या. जाळ्या, कोळशाचं भांडं, त्यावरचं कडं हे सगळं सहसा पोटातच रचलेलं असतं. ते काढलं की वजन बरंच उतरतं. प्रत्येक तुकडा उजेडात फिरवून बघा. वरच्या चकाकीवर केसाएवढ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर घाबरू नका, ती झिलईची असते. पण नख अडकेल अशी चीर असेल तर जोडणी थांबवा, फोटो काढा आणि दुकानदाराला कळवा. शेगडी उचलताना एक हात खालच्या हवेच्या तोंडात आणि दुसरा मागच्या बाजूने बुडाखाली. बिजागरीला धरून कधीही उचलू नये.

काही शेगड्या कारखान्यातूनच जोडून येतात, काहींचे धातूचे पट्टे आपल्याला बसवावे लागतात. बिजागरीत दाबून बांधलेली स्प्रिंग असते. जड झाकण एका हाताने उचलता येतं ते तिच्याच जोरावर. तिच्यावरची पट्टी पट्टे पक्के बसेपर्यंत कापायची नाही. स्प्रिंग मोकळी सुटली तर बोटं चेचतात. झाकण अलगद बसवा, पट्टा कडेशी समांतर आहे ना हे चारी बाजूंनी पाहा आणि मग दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळून टाकली तर झाकण तिरकं बसतं, आणि सैल राहिलं तर उघडताना पट्ट्यातून निसटून फुटतं. या शेगड्यांचा घात आगीपेक्षा असाच जास्त होतो.

सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं, पण आच कमीजास्त करते ती हवा. खालून आत येणारी आणि वरच्या झडपेतून बाहेर जाणारी. म्हणून जोडणीचा सगळा कस हवा कुठून जाते यात आहे. कोळशाच्या भांड्याचं तोंड खालच्या सरकत्या दाराच्या बरोबर समोर यायला हवं. भांड्याभोवती थोडी फट राहते, ती मुद्दाम असते. तापल्यावर पसरायला जागा लागते, तिच्यात सिमेंट वगैरे भरू नका! झाकणाच्या कडेला चिकटवलेली नमद्याची पट्टी सलग बसली आहे का, हे कागदाने तपासा. झाकणात पातळ कागद अडकवून ओढा. सगळीकडे सारखा अडखळला पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज निघाला तर पट्टा पुन्हा सैल करून झाकण जुळवा.

तापमापक लावण्यापूर्वी तो उकळत्या पाण्यात धरून पाहा. मुंबईत काटा १००वर हवा, पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६वर असला तरी तो बरोबरच आहे.

जागा उघड्यावरचीच हवी. बंद बाल्कनी किंवा स्वयंपाकघर नको, कारण जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो. लाकडी टेबलावर शेगडी थेट ठेवू नका. कंपनीने दिलेले पाय किंवा स्टँड वापरा, खाली फरशी घाला.

पहिली पेटवणी स्वयंपाकासाठी नाहीच. साधा लाकडी कोळसा थोडासा घ्या. रॉकेल किंवा पेटवणीचं द्रव अजिबात नको, सिरॅमिक ते शोषून घेतं आणि पुढे महिनाभर वांग्याच्या भरितालाही रॉकेलचा वास येतो. आच १५०-१८० अंशांच्या पुढे जाऊ न देता तासभर ठेवा, म्हणजे नमद्याचा गोंद पक्का होतो. तापलेल्या शेगडीचं झाकण आधी दोन बोटं उघडून थांबा, मग पूर्ण उघडा. एकदम उघडलं तर आत शिरलेल्या हवेने ज्वाळा तोंडावर येते. विझवायचं म्हणजे वरखालच्या दोन्ही झडपा बंद करायच्या. पाणी टाकलं तर सिरॅमिक तडकतं.

दुसऱ्या दिवशी, शेगडी पूर्ण थंड झाली की, बोल्ट पुन्हा आवळा. तापून-निवून पट्टे थोडे सैल होतात. चार-सहा वेळा वापर झाला की परत एकदा पाना फिरवा. पावसाळ्यात शेगडी पडून राहिली आणि आत बुरशी दिसली, तर घासत बसू नका. तीव्र आच करून ती जाळून टाका, जाळ्या ब्रशने साफ करा आणि मगच कणसं टाका.