मैदानाचे दार



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी अशक्त मुलाला मैदानाबाहेर कधी बसविले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा व्यायाम आणि त्यांनी एकमेकांना दिलेले शिक्षण हा विषय मी आज निवडला आहे.

आपल्या गोव्यात या विषयाचा आरंभ बंद दाराने झाला. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्या तरुणाच्या रक्तात हा विषाणू आढळला. तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना क्षयरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. १९९२ साली, मृत्यूपूर्वी काही काळ, त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली. एकांतवासाला त्यांनी सोबतीने उत्तर दिले.

क्रीडाक्षेत्रही भयमुक्त नव्हते. अमेरिकन बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर केले, तेव्हा काही खेळाडूंनी त्यांच्यासोबत खेळण्याविषयी भीती व्यक्त केली. तरीही १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते खेळले आणि त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले.

औषधे नव्हती त्या काळी या आजारात स्नायू झिजत आणि माणूस काडीसारखा होई. १९९६ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. नियमित औषधाने विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके उतरले आणि तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. आयुष्य लांबले, तसे हृदयविकार, मधुमेह, हाडांची झीज आणि मनाची उदासी हे प्रश्न पुढे आले. व्यायामाचे खरे स्थान येथे आहे. तो विषाणूला मारीत नाही, औषधाची जागाही घेत नाही. मात्र प्रकृती स्थिर असलेल्यांना आठवड्यातून तीन वेळा केलेला बेताचा व्यायाम सुरक्षित असतो. त्याने दम वाढतो, स्नायूंना बळ येते, उदासी कमी होते. ताप किंवा दुसरा संसर्ग असताना विश्रांती घ्यावी आणि आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा, एवढे पथ्य पुरे.

मी चालवीत असलेल्या व्यायामवर्गात शिकविण्याचे श्रेय मात्र माझ्याकडे थोडेच येते. गोळीची वेळ सांजवातीशी बांधून घ्यावी म्हणजे विसर पडत नाही, ही युक्ती एका गृहिणीने इतरांना दिली. वजने नव्हती, तेव्हा पाण्याने भरलेल्या बाटल्या कुणीतरी आणल्या. नव्याने आलेला माणूस पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभा असतो. दहा वर्षे औषध घेणारा कुणी त्याच्यासोबत धीम्या चालीने मैदानाला फेरी मारतो आणि चालता चालता पहिल्या महिन्यातील मळमळ, झोप, घरच्यांना सांगावे की नाही, हे सारे बोलतो. जे मी तासभर समजावूनही पटत नाही, ते त्या फेरीत पटते. कारण सांगणारा त्याच वाटेने आलेला असतो.

विद्यार्थिमित्रहो, सोबत धावल्याने, घाम लागल्याने, एकाच तांब्यातील पाणी प्यायल्याने हा विषाणू पसरत नाही. जखमेतून रक्त आले तर खेळाडूने बाजूला व्हावे आणि जखम बांधून परतावे; हा नियम सर्वांना सारखाच आहे. त्यासाठी कुणाची चाचणी विचारण्याचे कारण नाही. २०१७ च्या कायद्याने शिक्षणात व नोकरीत असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा शाळेचे फाटक उघडतो. खेळात कुणाला घ्यायचे, हे मुलेच ठरवितात. ते ठरविताना आपल्या गुरुजींची आठवण ठेवा, एवढीच माझी विनंती.