मूल ऐकत नाही, म्हणजे काय?

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात आरतीनंतर एक आजोबा मला चपलांच्या कप्प्यापाशी भेटले. आवाज खाली करून म्हणाले, "डॉक्टरबाई, नातवाच्या शाळेतून तिसऱ्यांदा चिठ्ठी आली. दुसरीत आहे. जागेवर बसत नाही, मध्येच बोलतो. सून रडते, मुलगा चिडतो. आमच्या वेळी मास्तरांनी एक ठेवून दिली की प्रश्न मिटायचा. इथे कुणी हात लावत नाही, मग पोरं सुधारणार कशी?" त्यांची परवानगी घेऊन आज याच विषयावर बोलते, कारण हा प्रश्न तुमच्यातल्या अनेकांच्या घरी आहे.

आधी माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील. सहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली. शाळेची तक्रार होती की तो सूचना पाळत नाही, हाक मारली तरी वळत नाही. मी घाईत होते. घसा बघितला, छाती तपासली आणि सांगितलं, "तब्येत चांगली आहे, जरा शिस्त लावा." सहा महिन्यांनी तो सर्दी-तापाने परत आला, तेव्हा मी त्याचे कान नीट पाहिले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलं होतं. श्रवणतपासणीत कळलं की त्याला हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं. आई म्हणाली, "तुम्ही शिस्त लावा म्हणालात, म्हणून मी त्याला दोन-तीनदा मारलं हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर "मूल ऐकत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी त्याला ऐकू येतं का ते तपासत असे.

म्हणून चिठ्ठी आली की पहिलं काम म्हणजे तपासणी. कान आणि डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार, आणि बाई त्याला चुळबुळ म्हणणार. मग झोप बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. आपल्या घरांत जेवणंच साडेआठला होतात, नंतर भारतातला व्हिडिओ कॉल. मूल दहाला झोपतं आणि बससाठी साडेसहाला उठतं. मोठी माणसं झोप कमी झाली की पेंगतात, लहान मुलं मात्र उलट उधळतात. घोरणं असेल, बद्धकोष्ठ असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

काही मुलांना खरोखरच एडीएचडी असतो. तो लाड केल्यामुळे होत नाही आणि आईच्या नोकरीमुळेही होत नाही. पण एका चिठ्ठीवरून त्याचं निदान करता येत नाही. लक्षणं सहा महिने तरी टिकलेली हवीत आणि शाळा व घर अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त शाळेतच त्रास होत असेल, तर शाळेत काय घडतंय ते विचारायला हवं.

आता माराबद्दल. या देशात शाळेत मार बंद करणारं पहिलं राज्य न्यू जर्सी, तेही १८६७ साली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेतला मार राज्यघटनेविरुद्ध ठरवला नाही, त्यामुळे दक्षिणेतल्या काही राज्यांत तो आजही कायद्याने चालतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. म्हणजे आपल्या आठवणीतला छडीवाला वर्ग आता भारतातही कायद्यात बसत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की मारणं, ओरडणं आणि लाज आणणं यांनी मूल थोडा वेळ गप्प होतं, पण वागणूक सुधारत नाही. पुढे आक्रमकपणा वाढण्याचीच शक्यता असते. "आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" असं तुम्ही म्हणाल. आपण शिकलो हे खरं. पण आपल्या वर्गातली किती मुलं त्या छडीला भिऊन शाळाच सोडून गेली, ती आज या सभागृहात नाहीत.

मग मास्तरांनी करायचं काय? कॅन्सस राज्यातल्या बाल्डविन सिटीतल्या एका चौथीच्या वर्गात साधा खेळ करून पाहिला गेला. १९६९ साली त्यावरचा लेख आला. वर्गाचे दोन संघ केले आणि नियम आधीच सांगितले. कुणी विनाकारण उठलं किंवा मध्येच बोललं की त्याच्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण. ज्यांच्या खुणा कमी, त्यांना छोटी बक्षिसं, जादा वेळ. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकत. गोंधळ एकदम कमी झाला. पुढे १९८५ च्या सुमारास बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत हाच खेळ घेतला आणि मुलं एकोणीस-एकवीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पहिलीत जास्त दांडगाई करणारे जे मुलगे या खेळाच्या वर्गात होते, त्यांच्यात पुढे व्यसनाचं प्रमाण कमी आढळलं. सहाव्या वर्षीच्या शिस्तीचा परिणाम विसाव्या वर्षी दिसतो, तो असा.

हे फक्त अमेरिकेचं शहाणपण आहे असं समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत टिकत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत. त्यांना आळशी न म्हणता या बायकांनी शाळाच कुरणात नेली. मूल असं का वागतं, हे आधी विचारलं म्हणून मार्ग सापडला.

आपण आजी-आजोबांनी काय करावं? चिठ्ठी आली की सगळ्यांदेखत तिची चर्चा करू नका, आणि फोनवर पुण्याच्या मावशीला सांगू नका. मुलाला विचारा, "काय झालं होतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. "उठू नकोस" म्हणण्यापेक्षा "दहा मिनिटं बसून हे पान पूर्ण कर" म्हणा, आणि त्याने केलं की लगेच कौतुक करा. सून-मुलाला सांगा की त्रास चालूच राहिला तर मुलाचं मूल्यमापन करावं अशी विनंती शाळेला लेखी द्या. सरकारी शाळेत मूल्यमापन झालं, तर त्याचा खर्च पालकांवर पडत नाही. नुसतं तोंडी सांगितलं तर ते विसरलं जातं. आणि मुलाला "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं" हे कधीही म्हणू नका.

शेवटी एक विनंती. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात चौतीस मुलं आहेत आणि शिक्षिका दोन. मागच्या सत्रात एका मुलाला "आवरत नाही" म्हणून घरी पाठवण्याची वेळ आली होती. तेव्हा आपल्यातल्या एक आजी त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी त्याला पत्रिका वाटायचं आणि घंटेकडे लक्ष ठेवायचं काम दिलं. तो मुलगा अजून येतो. अशा सहा आजी-आजोबा हव्या आहेत, रविवारी एक तास. शिकवायचं नाही, फक्त शेजारी बसायचं. मंदिरातर्फे मुलांची कान-डोळे तपासणी ठेवण्याचाही विचार आहे. ज्यांच्याकडे विमा नाही अशी कुटुंबं आपल्यात आहेत, ती सांगत नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी यासाठी कल्याण निधीत यथाशक्ती द्यावं. नाव देण्यासाठी किंवा देणगीसाठी कार्यालयात भेटा.

ते चपलांच्या कप्प्यापाशी भेटलेले आजोबा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. नातवाची श्रवणतपासणी बुधवारी आहे. आपण सगळे त्याला शुभेच्छा देऊ.