वाळलेले, पण निर्जीव नव्हे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



‘जीवसृष्टीतील नवल’ असा विशाल विषय आपण मला दिला आहे. त्यातून मी एकच प्रश्न घेतो : पाणी नाहीसे झाले की जीव काय करतात? चातुर्मास पाळणाऱ्या समाजाला हा प्रश्न जवळचा आहे. पावसाने भूमी जीवांनी भरते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार पुन्हा सुरू होतो. मग पुढील आठ महिने ते जीव असतात कोठे? पुष्कळसे मरतात, काही बीजरूपाने वा अंडीरूपाने उरतात. परंतु काही जेथल्या तेथेच असतात, केवळ वाळलेले.

हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी. व्यवसायाने ते कापडाचे व्यापारी होते. सूक्ष्मदर्शकाची भिंगे स्वतः घासून तयार करीत. १७०२ मध्ये त्यांनी छपराच्या पन्हळीतील कोरडी धूळ घेऊन तिच्यावर पाणी घातले. थोड्याच वेळात त्या धुळीतून सूक्ष्म प्राणी हालचाल करू लागले.

आपल्या गच्चीवरील हिरव्या थराला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. त्यातील मखमलीसारख्या बारीक पानांची वनस्पती म्हणजे हरिता. तिच्यात बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा आठ पायांचा एक प्राणी राहतो. चालण्याच्या ढबीवरून त्याला जलअस्वल म्हणतात. १७७३ मध्ये गोत्झे या जर्मन धर्मोपदेशकाने त्याचे वर्णन केले. हरिता वाळू लागली की हा प्राणी पाय आत ओढून पिंपासारखा आकार धारण करतो. त्याच्या शरीरातील पाणी अवघ्या काही टक्क्यांवर येते. श्वसन, पचन, वाढ सारे जवळजवळ थांबते. पेशींतील विशिष्ट प्रथिने काचेसारखी घट्ट होऊन नाजूक घटकांना जागच्या जागी धरून ठेवतात. अंटार्क्टिकावरून १९८३ मध्ये आणून गोठवून ठेवलेल्या हरितेतील जलअस्वले जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वितळवली, तेव्हा त्यांतील एकाने पुढे अंडीही घातली. २००७ मध्ये काही जलअस्वले अंतराळयानाबाहेरच्या निर्वात पोकळीत दहा दिवस राहून जिवंत परतली.

वृत्तपत्रे त्याला ‘अमर’ म्हणतात, ते मला मान्य नाही. जागृत अवस्थेत तो इतर सूक्ष्म जीवांइतकाच नाजूक असतो. वाळणेही त्याला सावकाश लागते. एकाएकी सुकला तर बहुधा मरतो. हरिता स्पंजाप्रमाणे ओल हळूहळू सोडते, म्हणूनच त्याचे साधते.

आता आपल्या सह्याद्रीकडे या. कासच्या पठारासारखे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात पाहिले तर भाजलेली वीट वाटते. मातीचा थर बोटभरही नसतो. तेथील काही गवते आणि नेचे आपल्यातील ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही मरत नाहीत. पाने गुंडाळून, तपकिरी होऊन पडून राहतात आणि पावसात पुन्हा हिरवी होतात. हे बीजातून नव्याने उगवणे नव्हे, तेच पान पुन्हा जिवंत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी केवळ ९ ठाऊक होत्या. आणि हीच भूमी सातबाऱ्यावर बहुतेक वेळा ‘पोटखराबा’ असते! जेथे काही पिकत नाही तेथे काही जगतही नाही, असा आपला व्यवहारी समज. त्याच समजुतीने तेथे खाणी निघतात, गाड्या उभ्या राहतात, चुली पेटतात.

कोरड्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. साठवलेल्या धान्याची अंकुरशक्ती किती काळ टिकते, याची चर्चा भगवतीसूत्रात आहे. पाणी गाळल्यावर वस्त्रावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडण्याची आपली रीत आहे. ते वस्त्र तसेच उन्हात टाकत नाहीत. वाळलेल्या हरितेला सचित्त म्हणावे की अचित्त, याचा निर्णय मी करणार नाही. तो अधिकार गुरुभगवंतांचा आहे, आणि त्यांना हे विचारावे अशी माझी विनंती आहे.

तोवर दोन गोष्टी सहज करता येतील. मंदिराच्या गच्चीचा उतार असा दुरुस्त करावा की पाणी साचणार नाही आणि हरिता मुळात धरणारच नाही. आवारातील जुन्या, वापरात नसलेल्या भिंतींवर ती जमली आहे तेथे वैशाखात खरवडू नये. दुसरे, न्यासाच्या यात्रांच्या गाड्या घाटमाथ्यावर थांबतात तेव्हा त्या डांबरी रस्त्यावरच उभ्या कराव्यात, आणि भोजनाची व्यवस्था सड्यावर न करता गावात करावी. ही सूचना यात्रेच्या पत्रकातच छापली तर ड्रायव्हरना वेगळे सांगावे लागणार नाही.