निधी आणि आनंद
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



ग्रंथालयासाठी निधी हवा, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कार्यक्रमाच्या निवडीचा. आपला पहिला ओढा नाटकाकडे, हे स्वाभाविकच आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. ती आपली परंपराच होय. परंतु परप्रांतात नाटकमंडळी बोलवायची, तर प्रवास, निवास व नाट्यगृह यांचा खर्च आधी आणि तिकीटविक्री मागाहून. शिवाय आपण सारे केवळ प्रेक्षक!

म्हणून माझी सूचना आनंदमेळ्याची आहे. प्रत्येक घराने एकेक पदार्थ स्वखर्चाने करावा; कुणी थालीपीठ, कुणी साबुदाणावडा, कुणी पुरणपोळी. कुपने आधीच विकावीत, म्हणजे किती करावयाचे याचा अंदाज येतो. मुलांनी खेळांची दुकाने मांडावीत. अमराठी शेजाऱ्यांना अगत्याने बोलवावे.

बदलीच्या नोकरीमुळे आपल्यापैकी अनेकजण येथे तीन-चार वर्षांचेच पाहुणे. वर्गणी देऊन जिव्हाळा जडत नाही. तो एकत्र राबण्यातून जडतो. असा राबलेला सभासद कोठेही गेला, तरी मंडळाला विसरत नाही.

या सूचनेचा आपण विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.