पदवीनंतरची दुसरी संधी

नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळवण्याची संधी जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्याला दोनदा येते : बारावीनंतर आणि पदवीनंतर. पहिलीची चर्चा घरोघरी होते. दुसरीविषयी फारसे कोणी बोलत नाही. ओतूर, जुन्नर, मंचर आणि घोडेगाव इथल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांपुढे मात्र आता ही दुसरी संधी आहे. गरिबाघरच्या, विशेषतः पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांतल्या मुलामुलींसाठी ती पहिलीपेक्षा अधिक मोकळी आहे. ती का मोकळी, हे कळण्यासाठी पहिली कुठे निसटते ते आधी पाहावे लागते.

या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांच्या पाण्यावर पूर्वेकडचा ऊस, टोमॅटो आणि द्राक्षे उभी राहिली आणि कालवे पार करमाळ्यापर्यंत गेले. धरणांच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंत, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गावच डिंभ्याच्या जलाशयात गेले. वरच्या गावांत खाचरातला भात, नाचणी-वरई आणि बाळहिरडा एवढ्यावर वर्ष भागत नाही. मग माणसे नारायणगाव भागात मजुरीला उतरतात.

या घरांच्या कामाचे वेळापत्रक आणि प्रवेशाचे वेळापत्रक एकमेकांवर आदळते. बाळहिरडा गोळा करण्याचे दिवस मार्च ते मेचे. बारावीची परीक्षा, जेईई आणि नीट याच दिवसांत येतात. प्रवेशफेऱ्यांची पसंती भरायची, मिळालेली जागा दोन-चार दिवसांत पैसे भरून पक्की करायची, हे जून-जुलैत चालते आणि तेव्हा घरातले प्रत्येक माणूस भाताच्या आवणीत असते. त्यातच डोंगरात मोबाइलला रेंज नसते. मूल हुशार असूनही जागा हातची जाते, त्यामागे बहुधा असेच एखादे कारण असते. गुणपत्रिकेत त्याचा मागमूस नसतो, म्हणून पुढे ‘मुलाला झेपले नाही’ असे सरसकट म्हटले जाते. हे म्हणणे अन्यायाचे आहे.

भाषेचा अडथळा त्याहून खोल आहे. आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावी विज्ञानाला जाते आणि भौतिकशास्त्र अचानक इंग्रजीत समोर येते. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून आणि जेईई मेनची २०२१ पासून मराठीतही मिळते, ही मोठी सोय झाली. आयआयटीचे दार ज्या परीक्षेने उघडते ती जेईई ॲडव्हान्स्ड मात्र आजही फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. शिकवणीवर्गांचा खर्च मजुरीच्या पैशांत बसत नाही. पाचवीतच नवोदयची परीक्षा दिलेली मोजकी मुले हा फेरा चुकवतात. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे आणि या शाळांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. नवोदयच्या निवडक विद्यार्थ्यांना दक्षणा ही संस्था जेईई-नीटची मोफत तयारी करून देते. तिचे निवासी केंद्र आंबेगावाला लागूनच, खेड तालुक्यातल्या कडूसजवळ आहे. धुळे जिल्ह्यातील सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड नवोदयमधूनच मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले आणि पुढे भारतीय प्रशासन सेवेत गेले. पण नवोदयच्या एका तुकडीत जास्तीत जास्त ८० जागा, आणि त्या सगळ्या जिल्ह्यासाठी. बाकीची मुले गावाजवळच्या महाविद्यालयात येतात आणि त्यांतली बरीच जण समजून चालतात की मोठ्या संस्थेचा विषय आता संपला.

तो संपलेला नसतो. आयआयटीतील एम.एस्सी.साठी जॅम नावाची परीक्षा असते. ती पदवीच्या विषयावर होते आणि ग्रामीण महाविद्यालयातला बी.एस्सी.चा विद्यार्थीही तिला बसू शकतो. केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतात. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तीच परीक्षा आधाराला घेते, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ स्वतःची परीक्षा आणि मुलाखत घेते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी साडेसात आणि इतर मागासवर्गासाठी २७ टक्के जागा पदव्युत्तर पातळीवरही राखीव असतात. विद्यार्थी तोवर एकवीस वर्षांचा झालेला असतो, तीन वर्षे एकाच विषयात मुरलेला असतो आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकतो. परीक्षा इंग्रजीत असली तरी ते इंग्रजी त्याच्या विषयाचे, परिचयाचे असते. म्हणून ही दुसरी संधी अधिक मोकळी.

जुन्नर तालुक्यात या संधीची एक ठळक खूण उभी आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाची वेळ मागतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी परिसरातल्या शाळांची मुले तिथे आपले प्रयोग मांडतात. ज्या केंद्राची ही दुर्बीण आहे ते पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे आणि तिथल्या पीएच.डी.पर्यंतचा रस्ता भौतिकशास्त्राच्या पदवीवरूनही जातो.

प्रवेशाच्या तयारीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती कागदपत्रांची. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात असेल तर केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षाचे लागतात. पूर्वेकडच्या ओबीसी विद्यार्थ्यांची गाडी इथेच अडते. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांना जातवैधता प्रमाणपत्र हवे आणि त्यासाठी अनुसूचित जमातींच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर शाळेच्या रजिस्टरात त्यांचे नाव कुठून सापडणार? ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली, आणि घरांसोबत घरांतले कागदही गाडले गेले. पडताळणी समित्या आप्तभाव चाचणीही घेत, म्हणजे चालीरीती आणि बोलीवरून जमात ठरवत. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही असे स्पष्ट केले. ठाकर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणातला हा निकाल पश्चिम पट्ट्यातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवा. पडताळणीला महिने लागतात, म्हणून अर्ज अकरावीतच, निदान पदवीच्या पहिल्या वर्षी दाखल झालेला बरा.

पैशांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक मोठे उदाहरण पाहिलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. एवढ्या प्रज्ञेच्या माणसाची वर्षे पैशाअभावी गेली. आज आयआयटीच्या बी.टेक.ला अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. वसतिगृह, खानावळ, लॅपटॉप आणि प्रवास यांचा खर्च राहतोच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला स्वयम योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. पीएच.डी.साठी अनुसूचित जमातींची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती वर्षाला ७५० जणांना, परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती २० जणांना मिळते. यातली बरीच रक्कम खर्च झाल्यावर हातात येते. पहिल्या सत्राचे पैसे आधी उभे करावे लागतात आणि नेमके तेच उभे करायला कोणी नसते. गावाने, पतसंस्थेने, माजी विद्यार्थ्यांनी बिनव्याजी मदत करायची तर ती याच पहिल्या सत्राच्या पैशांसाठी करावी.

मुलाखत आणि उद्देशपत्र असलेल्या संस्थांत परिस्थिती थोडी वेगळी असते. तिथे अर्जदाराला स्वतःविषयी लिहायचे असते, आणि ग्रामीण विद्यार्थी पाठ केलेली इंग्रजी वाक्ये लिहून मोकळा होतो. हिरड्याच्या व्यवहारात भाव कोण ठरवतो, धरण उशाला असताना वाडीत टँकर का येतो, वनहक्काचा दावा कसा भरतात, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याच्याकडे समाजशास्त्राचे किंवा अर्थशास्त्राचे अस्सल साहित्य असते. तेच साध्या शब्दांत लिहावे. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, तिथून टाटा संस्थेत आणि २०२१ मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांच्या एकलव्य या संस्थेचे कामही असेच : घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामवंत संस्थांच्या अर्जासाठी आणि मुलाखतीसाठी उभे करायचे. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ मेळघाटसारख्या भागांतल्या मुलांची नीटची तयारी करून घेते.

प्रवेशानंतरचे पहिले सत्र सर्वांत जड जाते. वर्गात भरभर इंग्रजी बोलणारी मुले असतात, आडनाव आणि गुणक्रमांक विचारून अंदाज बांधणारेही असतात. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा गुन्हा नोंदवला गेला. संस्थेत अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, तक्रार लेखी कशी द्यायची, आपल्या भागातले वरिष्ठ विद्यार्थी कोण, हे पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्यावे. मागे पडलेल्या विषयात मदत मागणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि गुण घसरले म्हणून कोणाची पात्रता कमी ठरत नाही.

इथून गेलेला विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो. जॅमचे अर्ज बहुधा त्याआधीच भरून होतात; इतर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचे अर्ज बहुतेक याच सुमारास किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत भरले जातात. त्या सुट्टीतला एक दिवस त्याने आपल्या जुन्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांसोबत आणि दुसरा आश्रमशाळेत बारावीच्या मुलांसोबत बसून काढला, दाखले तपासले, तारखा लिहून दिल्या, तर पुढच्या जून-जुलैत आवणीच्या ऐन गर्दीतही त्या मुलांना पसंती कशी भरायची ते ठाऊक असते आणि पहिल्या हप्त्याची सोयही लागलेली असते.